कुटुंब आणि अन्याय यांवरची कादंबरी मुलांना कशी सुचवावी

चौथी ते आठवीच्या मुलांइतका न्यायाविषयी जागरूक वाचक शोधून सापडणार नाही. गोंधळ सगळ्यांनी केला असताना बाकावर एकालाच का उभे केले, खेळात राज्य कोणावर आले आणि ते कोणी टाळले, घरात धाकट्याच्या चुकीसाठी थोरल्याला का बोलणी बसली, याचा हिशेब ही मुले महिनोन्‌महिने विसरत नाहीत. चित्रांची पुस्तके त्यांना आता पुरत नाहीत आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. अशा वयात एका कुटुंबाची आणि त्या कुटुंबाने सोसलेल्या अन्यायाची सलग, दीर्घ गोष्ट हाती पडली, तर ती मनापासून वाचली जाते. तरीही अशी पुस्तके शाळेच्या कपाटात पडून राहतात, आणि याचे कारण बहुतेक वेळा पुस्तकात नसते, ते सुचवण्याच्या रीतीत असते. शिक्षक किंवा पालक पुस्तक पुढे करतात आणि म्हणतात, "यात वर्णभेदाबद्दल फार चांगले सांगितले आहे, वाचून काढ." मुलाला यातून एवढेच कळते की आणखी एक धडा आला, त्याखाली प्रश्न असणार आणि त्यांची उत्तरे आधीच ठरलेली असणार.

सोलापुरातील शिक्षक, पालक, ग्रंथपाल आणि वाचनाची गोडी असलेली मोठी भावंडे यांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की अशी कादंबरी सुचवताना आधी त्या घराची ओळख करून द्यावी. अन्याय मुलाला त्या घरात वावरता वावरता आपोआप भेटतो, आणि तसा भेटला तरच तो त्याला लागतो.

नुसते नियम सांगून ही गोष्ट समजत नाही, म्हणून एकच कादंबरी पुढे ठेवून बोलतो. मिल्ड्रेड डी. टेलर या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही कादंबरी १९७६ साली प्रसिद्ध झाली आणि १९७७ साली तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. कथा १९३३ सालच्या मिसिसिपी राज्यात घडते. लोगन कुटुंबाची स्वतःची चारशे एकर जमीन आहे, आणि आजूबाजूची बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या जमीनदारांच्या शेतात वाट्याने कापूस पिकवत असताना या कुटुंबाने ती जमीन धरून ठेवणे हाच अनेकांच्या डोळ्यांत सलणारा अपराध ठरतो. नऊ वर्षांची कॅसी ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते. तिला एक थोरला आणि दोन धाकटे भाऊ आहेत, आई शाळेत शिकवते, वडील जमिनीचे हप्ते आणि कर भागवण्यासाठी दूर लुइझियानात रेल्वेच्या कामावर जातात आणि घरात आजी आहे.

हीच कादंबरी निवडण्याचे कारण सोलापूरच्या वाचकाला सांगण्याची फारशी गरज नाही. कापसाच्या गिरण्यांवर वाढलेले आणि आज यंत्रमागांवर चादरी, टॉवेल विणणारे हे शहर आहे. दुकानदाराच्या वहीत वाढत जाणारी उधारी, पावसावर टांगलेले पीक, कामासाठी बाहेरगावी राहणारे वडील आणि घर सांभाळणारी आजी, यांतले काहीही इथल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. दुसरे एखादे पुस्तक निवडायचे असेल तर त्यातही हेच पाहावे: मुलाच्या ओळखीचे असे काहीतरी त्या घरात असावे, मग देश आणि काळ कितीही दूरचा असला तरी चालतो.

आधी स्वतः शेवटपर्यंत वाचावे

मलपृष्ठावरचा मजकूर वाचून किंवा कोणी चांगले म्हटले म्हणून या प्रकारची कादंबरी मुलाच्या हाती देऊ नये. मुलाला सुचवायचे पुस्तक मोठ्या माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असले पाहिजे, आणि वाचताना हातात पेन्सिल असली पाहिजे. समासात तीन प्रकारच्या खुणा केल्या तर पुढचे काम सोपे होते: मूल कोठे हसेल, कोठे अडखळेल आणि कोठे दुखावेल. अडखळण्याच्या आणि दुखावण्याच्या जागा आपण सगळेच शोधतो, परंतु हसण्याच्या जागा शोधायचे राहून जाते. वास्तविक त्याच जागा पुस्तक सुचवताना सर्वांत जास्त उपयोगी पडतात. लोगनांचा सहा वर्षांचा धाकटा मुलगा कपड्यांवर धुळीचा कण बसू देत नाही. धुळीच्या रस्त्याने शाळेत जाताना तो इतका जपून चालतो की भावंडांचा जीव मेटाकुटीला येतो. या एका मुलामुळे कित्येक बालवाचक पुस्तकात शिरतील.

दुखावणाऱ्या जागाही स्पष्ट लिहितो, कारण त्या माहीत नसताना हे पुस्तक देणे बरोबर नाही. गोऱ्यांच्या टोळीने जाळल्यामुळे भयंकर भाजलेल्या एका माणसाच्या घरी आई मुलांना मुद्दाम घेऊन जाते. त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी सर्रास वापरली जाणारी शिवी पुस्तकात अनेक ठिकाणी येते. शाळेत मुलांना पहिल्यांदाच पुस्तके मिळतात, तेव्हा ती गोऱ्यांच्या शाळेने अनेक वर्षे वापरून टाकून दिलेली असतात, आणि पुस्तकाच्या आतल्या तक्त्यात ते कोणाच्या हातात केव्हा गेले व त्या वेळी त्याची अवस्था कशी होती याची नोंद असते. पुस्तक अगदी खराब झाल्यावर ते कृष्णवर्णीय मुलाला दिल्याचे त्या तक्त्यातच लिहिलेले असते. तो स्वच्छतेचा भोक्ता धाकटा मुलगा हे वाचतो आणि पुस्तक जमिनीवर फेकून त्यावर नाचतो. या प्रसंगात शिक्षिकेच्या छडीपलीकडे मोठी हिंसा नसते, तरी माझ्या मते संपूर्ण कादंबरीत मुलाच्या मनाला सर्वांत खोल लागणारी जागा हीच आहे, कारण आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांनी कधी ना कधी दुसऱ्याची जुनी पुस्तके वापरलेली असतात.

शेवट काय आहे हेही माहीत असावे. अपराध्यांना शिक्षा झाली आणि सगळे सुखी झाले असा तो शेवट नाही. ज्या मुलाला सुखान्ताची फार गरज आहे, घरात नुकताच मृत्यू किंवा मोठे संकट येऊन गेले आहे, त्याच्यासाठी हे पुस्तक सहा महिन्यांनी काढावे.

कोणाला सुचवावे

नायिका नऊ वर्षांची आहे म्हणून पुस्तक नऊ वर्षांच्या मुलासाठी आहे असे समजू नये. ही कादंबरी साधारण अकरा-बारा वर्षांपासून पुढे शोभते. त्याआधी मोठ्या माणसाने सोबत बसून वाचून दाखवावी. भाषेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. इंग्रजी माध्यमात किंवा सेमी इंग्रजीत शिकणाऱ्या मुलालाही यातले संवाद पहिल्यांदा कठीण जातात, कारण पात्रे पाठ्यपुस्तकातले इंग्रजी बोलत नाहीत. ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली गावाकडची बोली बोलतात. पहिली दोन प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवली की कान तयार होतो आणि पुढचे मूल स्वतः वाचते. मराठी माध्यमाच्या वर्गात मी वेगळी रीत सुचवेन: शिक्षकाने प्रकरण आधी स्वतः वाचावे आणि मग वर्गात ते मराठीतून सांगावे, मधला एखादा परिच्छेद इंग्रजीतून वाचून त्याचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा. कादंबरीची बारा प्रकरणे आहेत. आठवड्याला एक प्रकरण या बेताने एका सत्रात ती सहज पुरी होते, आणि गोष्ट आठवडाभर अडून राहिल्याने मुलांची उत्सुकता वाढते.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पूर्व भागातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा तेलुगू असते, काहींची कन्नड, काहींची दखनी उर्दू, आणि ती शाळेत मराठीतून शिकतात. शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी, घरी बोललेले शाळेत बोलले तर कोणी हसेल की काय ही धास्ती, हे त्यांना पुरेपूर माहीत असते. बोलीतले संवाद अशा मुलांना अडचणीचे वाटतील असा आपला समज असतो, पण "ही माणसे घरी बोलतात तशीच पुस्तकात बोलतात" एवढे सांगितले तरी या मुलांना ते संवाद इतरांपेक्षा आपले वाटू लागतात.

येथे एक पथ्य फार काटेकोरपणे पाळावे असे मला वाटते. ज्या मुलाच्या घराने अन्याय सोसला आहे असे आपल्याला माहीत असते, त्याला वेगळे काढून "हे तुमच्यासारख्या लोकांबद्दलचे पुस्तक आहे" असे कधीही म्हणू नये. आई विड्या वळते, वडील बंद पडलेल्या गिरणीतून बाहेर पडले, आजोबा सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीच्या, तारांच्या आत वाढले, हे त्या मुलाचे स्वतःचे आहे. ते वर्गासमोर मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुस्तक संपूर्ण वर्गाला सुचवावे. ज्याला त्यात आपले घर दिसेल त्याला ते दिसेल, आणि ते बोलून दाखवायचे की मनात ठेवायचे हे त्याने ठरवावे. उलट ज्या मुलांना असा अनुभव नाही त्यांनीही हे वाचणे तितकेच आवश्यक आहे. अन्यायाची पुस्तके केवळ अन्याय सोसणाऱ्यांना वाचायला देणे हाही एक प्रकारचा भेदच आहे.

ओळख करून देताना काय बोलावे

पुस्तकाची ओळख दोन मिनिटांत करून द्यावी. त्यापेक्षा जास्त बोललो तर मुलांचे लक्ष पुस्तकावरून आपल्यावर येते. बक्षीस, लेखिकेची थोरवी, पुस्तकातला संदेश यांतले काहीही या दोन मिनिटांत आणू नये. बक्षिसाची माहिती मुख्याध्यापकांना आणि पालकांना सांगण्यासाठी राखून ठेवावी. एक घर, त्यातली माणसे आणि एक अडचण सांगावी आणि अडचण सुटण्याच्या आधीच थांबावे. मी साधारण असे बोलेन:

"चार भावंडे आहेत. रोज तासभर चालत शाळेत जातात, कारण त्यांच्या शाळेला बस नाही. दुसऱ्या शाळेला बस आहे आणि ती याच रस्त्याने जाते. ती बस जवळ आली की या चौघांना पळत जाऊन उंच काठावर चढावे लागते, कारण ड्रायव्हर मुद्दाम गाडी त्यांच्या अंगावर घालतो, आतली मुले हसतात आणि यांच्या अंगावर तांबडा चिखल उडतो. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा आहे आणि त्याला कपड्यांवर एक डाग चालत नाही. एके दिवशी मुसळधार पाऊस असतो. चौघे नखशिखान्त भिजलेले, चिखलाने माखलेले, शाळेत पोहोचतात, आणि थोरला भाऊ हळूच म्हणतो की आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपल्याला एक काम करायचे आहे, घरी कोणाला कळता कामा नये."

यानंतर थांबावे. मुले विचारतील, काय काम, पुढे काय झाले. उत्तर देऊ नये. पुस्तक टेबलावर ठेवावे आणि दुसऱ्या कामाला लागावे. या ओळखीत वर्णभेद हा शब्द आलेला नाही, गोरे आणि काळे असा उल्लेखही नाही, तरी दोन शाळांपैकी एकीलाच बस का, हा प्रश्न मुलांच्या मनात उभा राहिलेला असतो. तो प्रश्न आपण विचारण्यापेक्षा त्यांना पडणे केव्हाही चांगले.

मूल शांत स्वभावाचे असेल आणि त्याला खोड्यांपेक्षा माणसांत रस असेल, तर त्याला आजी किंवा आई यांच्यावरून ओळख करून द्यावी. आई शिक्षिका आहे आणि पाठ्यपुस्तकात गुलामगिरीबद्दल जे लिहिलेले नाही ते ती वर्गात शिकवते, त्यामुळे तिची नोकरी धोक्यात येते, एवढे सांगितले तरी अशा मुलासाठी पुरते.

पार्श्वभूमी किती द्यावी

मुलाला गोष्ट समजण्यासाठी जेवढे लागते तेवढेच. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण दक्षिणेकडच्या राज्यांनी गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा, रेल्वेचे डबे, बसण्याच्या जागा वेगळ्या ठेवणारे कायदे केले. मुक्त झालेल्या बहुतेकांना जमीन मिळाली नाही, म्हणून ते जमीनदाराच्या शेतात वाट्याने राबत राहिले आणि बी, अवजारे, किराणा उधारीवर घेऊन कर्जात अडकले. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला. एवढे सांगितले की १९३३ सालचे ते गाव उभे राहते. कापसाच्या कामाला मुले लागतात म्हणून कॅसीची शाळा ऑक्टोबर ते मार्च एवढीच भरते, हे मात्र आवर्जून सांगावे. ऊसतोडीच्या हंगामात वर्गातली मुले कशी कमी होतात हे पाहिलेल्या जिल्ह्यात त्यावर अधिक भाष्य लागत नाही.

स्थानिक संदर्भ जोडण्याचा मोह शिक्षकांना लगेच होतो, आणि आपल्या जिल्ह्यात तसे संदर्भ आहेतही भरपूर. परंतु ते पुस्तक वाचून झाल्यावर जोडावेत. आधी जोडले तर मूल त्या चष्म्यातूनच गोष्ट वाचते. वाचून झाल्यावर मात्र पंढरपूरची आठवण जरूर काढावी. वारीला किंवा दर्शनाला गेलेल्या मुलांनी महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी पाहिलेली असते. मंगळवेढ्याच्या चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनी अभंग रचले, आणि कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला. कुटुंब आणि अन्याय हा विषय आपल्या मातीत किती जुना आहे हे याहून चांगले कोठे दिसणार? त्याच देवळाची दारे सर्वांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. आपण ज्यांना मुलांचे लेखक म्हणून ओळखतो ते अन्यायासमोर स्वतःचा जीव पणाला लावून बसले होते, हे मुलांना कळले पाहिजे.

मोठ्या मुलांशी, म्हणजे सातवी-आठवीच्या, सेटलमेंटविषयीही बोलता येते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, काही जमातींत जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि अशा कुटुंबांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी द्यायला लावली. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. मात्र तुलना करताना घाई करू नये. मिसिसिपीतला वर्णभेद, आपल्याकडची जातिव्यवस्था आणि इंग्रजांनी कायद्याने मारलेला शिक्का या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणे आणि त्यांच्याविरुद्धचे लढे वेगळे आहेत. "सारखे काय आहे?" एवढेच विचारून सोडले तर मुले सगळ्याची एकच मोळी बांधतात. "आणि वेगळे काय आहे?" हाही प्रश्न तितक्याच आस्थेने विचारावा.

वाचन चालू असताना

मूल वाचू लागले की त्याच्या मागे लागू नये. कितवे पान झाले, काय शिकलास, नोंद केलीस का, हे विचारणे म्हणजे पुस्तक परत कपाटात पाठवण्याची तयारी. पण आपण जवळपास आहोत, विचारले तर उत्तर देऊ, हे मुलाला माहीत असले पाहिजे. कादंबरीत काही जागा अशा आहेत की तेथे पोहोचल्यावर मूल हमखास आपल्याकडे येते.

त्यांतली पहिली म्हणजे माफीचा प्रसंग. आजी कॅसीला घेऊन बाजाराच्या गावी जाते. दुकानात त्यांच्याबरोबरच्या मुलाचा नंबर आलेला असताना दुकानदार त्याला सोडून गोऱ्या गिऱ्हाइकांना आधी सामान देतो. कॅसी त्याला हे बोलून दाखवते आणि तिला बाहेर काढले जाते. पुढे रस्त्यावर तिचा धक्का एका गोऱ्या मुलीला लागतो, त्या मुलीचा बाप कॅसीचा हात पिरगाळून तिला रस्त्यावर ढकलतो, आणि आजी, जी कॅसीचे सर्वस्व आहे, तीच कॅसीला त्या मुलीची माफी मागायला लावते. मुलांना दुकानदाराचा आणि त्या बापाचा राग येतो, पण आजीचा त्याहून जास्त येतो. "आजी असे का वागली?" हा प्रश्न विचारताना काही मुलांचा आवाज चढतो.

या प्रश्नाला चटकन उत्तर देऊन आजीची बाजू सावरू नये, आणि आजी घाबरट होती असेही म्हणू नये. माझ्या मते "आजीने माफी मागायला लावली नसती तर त्या संध्याकाळी काय काय होऊ शकले असते, ते तू मला सांग," असे म्हणून प्रश्न मुलाकडे परत द्यावा. मूल भाजलेल्या माणसाकडे आपसूक येते. मग त्याला दिसू लागते की आजीच्या त्या कठोर शब्दांमागे नातीचा जीव वाचवण्याची धडपड होती, आणि तरीही कॅसीचा अपमान अपमानच राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजणे या वयाला जड असते, पण अशक्य मुळीच नसते. रात्री आई कॅसीशी बोलते ते प्रकरण यानंतर पुन्हा एकदा सोबत वाचावे.

या टप्प्यावर काही मुले स्वतःच्या घरचे सांगू लागतात. कारखान्यात आईने वळून नेलेल्या विड्यांतल्या बऱ्याचशा नापास म्हणून बाजूला काढल्या आणि आई काही बोलली नाही. घरमालक ओरडला तेव्हा वडील मान खाली घालून उभे राहिले. आपल्याला राग आला होता, आईवडिलांचाच. असे बोलणे निघाले तर ऐकून घ्यावे, मध्ये उपदेश करू नये, आणि जे ऐकले ते शिक्षकांच्या खोलीत किंवा पालकसभेत कोणाला सांगू नये. मूल एखाद्या चालू छळाबद्दल बोलत असेल, तर मात्र गप्प न राहता शाळेने जे करायला हवे ते करावे. बोलणे निघाले नाही तर ते काढायचा प्रयत्न करू नये.

दुसरी जागा आहे टी. जे. या मुलाची. हा थोरल्या भावाचा मित्र लबाड आहे, परीक्षेत नक्कल करतो, मित्राचा नवा कोट गोड बोलून लाटतो, आणि त्याच्या चहाडीमुळे आईची नोकरी जाते. मुलांचा त्याच्यावर इतका राग असतो की त्याचे वाईट व्हावे असे त्यांना उघडपणे वाटत असते. आणि मग शेवटच्या प्रकरणांत त्याच्यावर जे ओढवते ते त्याच्या कोणत्याही लबाडीच्या मानाने इतके भयंकर असते की तीच मुले गोंधळून जातात. चांगल्या, निष्पाप माणसावर झालेला अन्याय ओळखणे सोपे आहे. ज्याचा आपल्याला राग आहे त्याच्यावर अन्याय होतो तेव्हाही तो अन्यायच असतो, हे ही कादंबरी मुलांना कोठेही न सांगता दाखवते, आणि ती सुचवण्याचे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे. येथे मोठ्यांनी बोलण्याची गरज बहुधा पडत नाही. पडलीच, तर "त्याला शिक्षा व्हायला हवी होती का, आणि हीच का?" एवढे विचारावे.

जेरेमी हा गोरा मुलगा लोगन भावंडांशी मैत्री करू पाहतो, नाताळला स्वतः केलेली लाकडी बासरी थोरल्याला देतो, आणि तरीही ती मैत्री सुरळीत होत नाही. यावर मुलांची मते जोरदार असतात. त्यांना आपापसात भांडू द्यावे.

शिवीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट द्यावे. वर्गात मोठ्याने वाचताना तो शब्द उच्चारू नये, तो शब्द माणसाला माणसाच्या खालचे ठरवण्यासाठी वापरला जात असे हे सांगावे, आणि लेखिकेने तो का गाळला नाही यावर मुलांना विचार करू द्यावा. आपल्याकडेही जातीवरून दिल्या जाणाऱ्या शिव्या आहेत आणि मुलांनी त्या ऐकलेल्या असतात. त्यांची यादी वर्गात करू नये.

पालकांशी बोलणे आणि वेळ साधणे

काही पालक म्हणतील की एवढ्या लहान वयात हे कशाला, आणि काही म्हणतील की हे अभ्यासाचे नाही. पहिल्या आक्षेपाला आदराने उत्तर द्यावे: पुस्तक घरी न्यावे, माफीचे प्रकरण आपण स्वतः वाचावे आणि मग ठरवावे. वाचल्यावर बहुतेकांचे मत बदलते, कारण त्यांनाही आपले बालपण त्यात दिसते. न बदलले तर त्यांच्या मुलासाठी दुसरे पुस्तक काढून द्यावे. दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच सांगता येते की तीनशे पानांच्या आसपासची गोष्ट धरून ठेवणारे मूल धड्याचा उतारा सहज धरून ठेवते.

वेळ निवडताना परीक्षांचे महिने आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा सोडावी. जत्रेच्या दिवसांत मुलांचे मन पुस्तकात रमत नाही, आणि रमावे अशी अपेक्षाही करू नये. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला दोन मिनिटांची ओळख करून द्यावी आणि दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक घरी जाऊ द्यावे. सर्वांत उत्तम काळ उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते पाच सोलापुरात बाहेर पडण्याची सोय नसते, मुले घरात अडकलेली असतात, आणि ओट्यावर किंवा जिन्याखाली सावलीत चार मुले बसवून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे हा कार्यक्रम महिनाभर चालतो. शाळेने दोन-तीन प्रती घेतल्या तरी पुरतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत मुलांना एकदा घेऊन जावे आणि ग्रंथपालांकडे अशी पुस्तके मागण्याची सवय लावावी. मागणी नोंदवली गेली तर पुस्तक येण्याची शक्यता वाढते.

एखादे मूल तिसऱ्या प्रकरणात पुस्तक सोडून देईल. सोडू द्यावे. का सोडले हे एकदाच विचारावे: भाषा जड गेली, भीती वाटली की कंटाळा आला, यावर पुढचे पुस्तक कोणते हे ठरते. भाषा जड गेली असेल तर हेच पुस्तक ऐकवावे, भीती वाटली असेल तर वर्षभर थांबावे, आणि कंटाळा आला असेल तर वेगळ्या प्रकारचे पुस्तक द्यावे.

ज्या मुलाने पुस्तक पुरे केले त्याच्याकडून सारांश लिहून घेऊ नये. परत करताना त्याला एवढेच विचारावे की या घरातले कोण तुला आवडले आणि हे पुस्तक तू वर्गातल्या कोणाला देशील. ज्याचे नाव तो घेईल त्याला पुस्तक त्यानेच नेऊन द्यावे आणि दोन मिनिटांची ओळखही त्यानेच करून द्यावी. आपण शेजारी उभे राहू नये. तो बस आणि चिखल सोडून भलतीच एखादी गोष्ट सांगेल, कदाचित कोटाची किंवा बासरीची, आणि आपण शेवट सांगू नये म्हणून केलेली सगळी खबरदारी बाजूला ठेवून अर्धा शेवटही सांगून टाकेल. त्याला अडवू नये. बरोबरीच्या मुलाने एवढ्या घाईने सांगितलेले पुस्तक दुसरे मूल त्याच दिवशी उघडते. कपाटाच्या दारावर कोणाकडून कोणाकडे पुस्तक गेले याचा कागद चिकटवून ठेवावा, आणि त्यावर नावे मुलांनाच लिहू द्यावीत.